कष्टाच्या काळातील शिस्त : एका तरुण विश्वासणाऱ्यास पत्र

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझे पत्र पोस्टाने आले. मोबाइलवर दोन ओळी टाकण्याऐवजी तू वहीची पाने भरून पाठवलीस, म्हणून मीही सविस्तर उत्तर लिहीत आहे. तुझ्या पत्रात प्रश्न दोन आहेत, आणि ते एकमेकांत इतके गुंतले आहेत की तुला स्वतःलाही ते वेगळे दिसले नसावेत. वडिलांचे आजारपण, ट्रकचे न फिटलेले कर्ज, अर्धवट सुटलेले कॉलेज आणि वेर्ण्याच्या कारखान्यातील रात्रपाळी हे सगळे सांगून तू विचारतोस, "देव मला शिक्षा करतो आहे का, आणि करत असेल तर कशाची?" पुढच्या पानावर तू लिहितोस की संकटांनी विश्वास वाढतो असे उपासनेत लहानपणापासून ऐकले, पण तुझा तर आटत चालला आहे. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो; तरी पहिल्याचे उत्तर दिल्याशिवाय त्याकडे वळता येणार नाही.

लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढ. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय, असे प्रभूने लोकांना विचारले, आणि नाही असे स्वतःच उत्तर दिले. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी शिष्यांनी तोच हिशेब मांडला, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. तेथेही त्याने तो हिशेब मोडून टाकला. तुझ्या घरच्या अडचणींची कारणे मला आणि तुला दोघांनाही ठाऊक आहेत. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी थांबल्या आणि तुझ्या वडिलांचा ट्रक अंगणात उभा राहिला. पुढे थोडी हालचाल सुरू झाली, तोच 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली आणि उरलीसुरली आशाही संपली. सावर्डे, कुडचडे, डिचोली, सांखळी या सगळ्या पट्ट्यात ट्रकवाल्यांच्या दारात बँकेच्या नोटिसा आल्या. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. मंडळीला दशांश नेमाने देणारे होते आणि चर्चची पायरी कधी न चढलेलेही होते. न्यायालयाने खाणी कायद्याच्या कसोटीवर पाहिल्या, तुझ्या घराण्याच्या पापपुण्याच्या नव्हे. तेव्हा जे तुझ्यावर आले आहे ते कोणत्या गुन्ह्याबद्दल आले, हा शोध आजच थांबव. त्या शोधात माणसे वर्षानुवर्षे गुरफटतात, आणि हाती काही लागत नाही.

आता तुझ्या विश्वासाकडे येतो. संकटांनी विश्वास वाढतो हे वाक्य आपण व्यासपीठावरून फार सैल हाताने वापरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. संकट माणसाला आपोआप वाढवत असते, तर जगातील सर्वांत दुःखी माणसे सर्वांत पवित्र झाली असती. इस्राएल लोक चाळीस वर्षे एकाच रानातून फिरले, सर्वांनी देवाने पुरवलेले एकच अन्न, मान्ना, खाल्ले, सर्वांच्या पायांखाली एकच वाळू होती. पण त्याच रानात यहोशवा आणि कालेब घडले, आणि त्याच रानात मिसरातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडणारेही होते. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे सांगतो की देवाने तुला उपाशी राहू दिले, मग मान्ना खाऊ घातला, बाप आपल्या मुलाला वळण लावतो तसे तुला वळण लावले. त्या मान्न्याचा नियम काय होता तो पाहा. प्रत्येकाने रोज सकाळी एका दिवसापुरते वेचायचे. उद्यासाठी राखून ठेवले की त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचे, कारण सातव्या दिवशी काही मिळणार नाही. म्हणजे उपासमारीच्या पोटातच देवाने एक दिनक्रम घालून दिला होता. भूक सर्वांच्या वाट्याला आली, पण त्या दिनक्रमातून विश्वास ठेवायला काही जणच शिकले.

इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात हीच गोष्ट एका वाक्यात आली आहे, आणि आपण ते वाक्य बहुधा अर्धेच सांगतो. शिक्षा, म्हणजे बाप लावतो ते वळण, चालू असते तेव्हा ती आनंदाची वाटत नाही, दुःखाचीच वाटते, हे आपण सांगतो. नंतर ती शांतीचे फळ देते, हेही सांगतो. मात्र ते फळ ज्यांना तिच्याकडून वळण लागले आहे त्यांच्यासाठी, अशी जी अट लेखकाने घातली आहे ती सांगायची राहून जाते. तेथील ग्रीक शब्दाचा संबंध आखाड्यातील सरावाशी आहे, एवढी माहिती पुरे. त्यावर प्रवचन करण्याचा मोह मी टाळतो. तुझा विश्वास आटत असेल, तर तुझे कष्ट कमी पडले म्हणून नव्हे. कष्ट तुझ्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना सामोरे जाण्याचा सराव तुझ्याकडे अजून नाही, कारण तो तुला कोणी दिला नाही. आम्ही वडील मंडळींनी मुलांना कंठस्थ करायला वचने दिली, बक्षिसे दिली, पण जीवनक्रम दिला नाही.

गेथशेमाने आठव. त्या रात्री प्रभू जैतुनांच्या डोंगराकडे आपल्या रीतीप्रमाणे गेला, असे लूक सांगतो. तो वाक्यांश मला वर्षानुवर्षे विचारात पाडत आला आहे. आयुष्यातील सर्वांत भयंकर रात्रीसाठी त्याने वेगळी जागा किंवा वेगळी प्रार्थनेची पद्धत शोधली नाही. साध्या दिवसांत ज्या वाटेने तो जात असे त्याच वाटेने त्याचे पाय गेले, आणि त्याला धरायला येणाऱ्या यहूदालाही ती जागा ठाऊक होती, कारण येशू आपल्या शिष्यांसह तेथे वारंवार जमत असे. दानिएलाचेही तसेच. देवाची प्रार्थना करण्यास मनाई करणाऱ्या राजाच्या हुकमावर सही झाल्यावर तो माडीवर गेला आणि यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडक्यांशी, पूर्वी करत असे तशी, दिवसातून तीन वेळा प्रार्थना करत राहिला. सिंहांच्या गुहेपूर्वीच्या कित्येक निरस दुपारी त्याच्या गुडघ्यांनी ती जमीन ओळखीची करून ठेवली होती.

तू फोंड्याहून बोरीच्या पुलावरून मडगावला जातोस, तेव्हा लोटलीच्या बाजूला खाजनाची शेती दिसते. झुआरीचे पाणी भरतीला खारे होते, आणि ती जमीन त्या पाण्याच्या पातळीहून खाली आहे. तेथे भात उभे राहते ते केवळ बांधांमुळे आणि पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशीच्या दारांमुळे. बांध चिखलमातीचे असतात, खेकडे त्यांना भोके पाडतात, लाटा कडा खातात, म्हणून त्यांची डागडुजी कोरड्या दिवसांत करावी लागते. पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर फावडे घेऊन धावणाऱ्याच्या हाती फारसे काही राहत नाही. बांध फुटला तर मिठाने शेत पुढच्या हंगामांनाही नापीक होते. पण बांध धडधाकट असेल तर पावसाचा तोच मारा जमिनीतले मीठ धुऊन काढतो आणि कोरगुटसारखे खाऱ्या मातीत तग धरणारे भात त्यात पिकते. आध्यात्मिक शिस्तीचा उपयोग यापेक्षा नेमका मला सांगता येत नाही. प्रार्थना, वचन, उपवास, विसावा, जमाखर्चातील प्रामाणिकपणा आणि मंडळीतील सहवास यांनी भरती थांबत नाही, पण आलेले पाणी मनात किती आणि कोणत्या वाटेने शिरावे हे ठरवण्याची सोय होते. तुझ्या बाबतीत अडचण अशी की भरती चालू असतानाच तुला बांध घालायचा आहे. ते अवघड आहे. तरी भरती दिवसातून दोनदा ओसरते, आणि त्या ओहोटीच्या घटका तुलाही मिळतात. त्यांविषयी पुढे लिहितो.

त्याआधी योसेफाविषयी थोडे, कारण तुझ्या वयाशी त्याचे जवळचे नाते आहे. भावांनी विकले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा. मधली तेरा वर्षे गुलामी आणि तुरुंग यांत गेली. त्या तेरा वर्षांत त्याच्या मनात काय चालले होते, हे उत्पत्तीचे पुस्तक जवळजवळ सांगतच नाही. त्याच्या प्रार्थना दिल्या नाहीत, रडणे दिले नाही. पण चाळिसाव्या अध्यायात एक बारीक गोष्ट आहे. फारोचा प्यालेबरदार आणि आचारी त्याच तुरुंगात होते; एका सकाळी योसेफ त्यांच्याकडे गेला, त्यांचे चेहरे उतरलेले पाहिले आणि विचारले, "आज तुमचे चेहरे उदास का?" खोट्या आरोपाखाली डांबलेल्या तरुणाला दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसावा, आणि त्याबद्दल विचारपूस करण्याची सवड त्याच्या मनात असावी, ही मला त्याच्या स्वप्नांचा अर्थ सांगण्याच्या वरदानापेक्षा मोठी गोष्ट वाटते. स्वतःच्या दुःखाने माणूस आंधळा होतो. योसेफ झाला नाही. पोटीफर या आपल्या मालकाच्या घरात हिशेब नीट ठेवण्याची, तुरुंगातही सोपवलेले काम चोख करण्याची जी सवय त्याला होती, तिने त्याचे डोळे उघडे ठेवले असावेत असे मी मानतो. मग प्यालेबरदार त्याला विसरला आणि आणखी दोन वर्षे गेली. तू लिहिलेस की चांगले वागूनही काही फळ दिसत नाही. तो चांगला वागल्यावरही दोन वर्षे तेथेच राहिला, हे लक्षात असू दे.

आपल्या भूमीतील उदाहरण हवे असेल तर संत जुझे वाझ यांचे घे. आपली मंडळी प्रॉटेस्टंट परंपरेची आहे आणि संतांविषयी आपले काही मतभेद आहेत, तरी गोव्यात राहून या माणसाकडे पाठ फिरवणे मला कृतघ्नपणाचे वाटते. जन्म बाणावलीला 1651 मध्ये, वडिलांचे गाव सांकवाळ. जुन्या गोव्यात काही गोमंतकीय पाद्री एकत्र राहून नेमाने प्रार्थना आणि सेवा करत होते. 1685 मध्ये ते त्यांच्यात सामील झाले. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर तेव्हा डच सत्ता होती, आणि तिने कॅथलिक पाद्र्यांना हाकलून दिले होते. हे हाकलणारे आपल्याच सुधारित परंपरेतले होते, ही गोष्ट आपल्या तरुणांना सांगताना आपण जरा गप्प बसतो; बसू नये. 1687 मध्ये वाझ मजुराच्या वेशात तेथे पोहोचले. 1692 मध्ये कँडीच्या राज्यात पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैद झाली. कैदेत त्यांनी सिंहली भाषा शिकायला घेतली. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा ते आपल्या भाच्याला बरोबर घेऊन त्या आजाऱ्यांची शुश्रूषा करत राहिले. 1711 च्या जानेवारीत कँडीतच त्यांचे देहावसान झाले. गोव्याला ते परत आले नाहीत. 2015 मध्ये त्यांना संतपद जाहीर झाले तेव्हा सांकवाळला जी गर्दी लोटली तिला त्यांची कीर्ती ठाऊक होती. तुला मात्र मी त्यांच्या आयुष्यातील निनावी भागाकडे पाहायला सांगतो. कैदेत पडल्यावर भाषेचा अभ्यास सुरू करणारे मन एका दिवसात तयार होत नाही. वेळ ठरवून प्रार्थना आणि वेळ ठरवून काम, या सांकवाळच्या आणि जुन्या गोव्याच्या दिवसांतील सवयी त्यांच्याबरोबर कोठडीत गेल्या, आणि सुटकेची वाट पाहण्यात जे दिवस वाया गेले असते ते पुढच्या सेवेची तयारी ठरले.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींना पंडिता रमाबाई अधिक जवळच्या आहेत, म्हणून त्यांचेही स्मरण करतो, थोडक्यात. आई लक्ष्मीबाई पहाटे उजाडण्यापूर्वी मुलीला पुराणे शिकवत. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना बाळपणी मुखोद्गत झाले. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले, मग बहीण गेली, पुढे भाऊ, आणि लग्नानंतर दोन वर्षे होतात न होतात तोच 1882 मध्ये पती. बाप्तिस्मा 1883 चा. म्हणजे त्यांची शिस्त आणि त्यांचे दुःख ही दोन्ही ख्रिस्त ओळखण्याआधीची होती, आणि देवाने दोन्ही वाया जाऊ दिली नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि अनाथ मुलींना केडगावला घेऊन आल्या, कारण भुकेल्या मुलीचे डोळे कसे दिसतात हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. आणि पहाटेच्या अंधारात पाठांतर करणारी ती मुलगी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करत बसली. देव आपल्या सेवकाची तयारी कोणत्या घरातून आणि कोणत्या ग्रंथापासून सुरू करील हे आधी सांगता येत नाही, असे मला यावरून वाटते.

आता तुझ्याविषयी. तुझा दिवस मी कागदावर मांडून पाहिला. रात्रपाळी संपवून तू सकाळी घरी येतोस, वडिलांची अंघोळ आणि औषधे पाहतोस, झोपतोस, दुपारी उठतोस, संध्याकाळी पुन्हा बसस्थानकावर. यात पहाटे चार वाजता उठून तासभर प्रार्थना कर असे जो सांगेल त्याला तुझे जीवन कळलेले नाही. तुला ओहोटीच्या दोन घटका आहेत. एक म्हणजे जातानाचा बसचा प्रवास. त्या प्रवासात मोबाइल खिशात ठेव आणि स्तोत्रसंहितेतील एक स्तोत्र महिनाभर घोळव. नवनवीन वाचण्याची घाई नको. सुरुवात तेराव्यापासून कर, ते छोटे आहे आणि "हे परमेश्वरा, किती वेळ?" अशा तक्रारीने सुरू होते. तक्रार करण्याची परवानगी पवित्र शास्त्रानेच दिलेली आहे, आणि ती शब्दबद्ध करून देवापुढे नेणे हीदेखील शिस्तच आहे. मनात कुढणारा मनुष्य स्वतःशी बोलत असतो. स्तोत्रकर्ता देवाशी बोलतो, हा फरक महिनाभरात तुला स्वतःलाच जाणवेल. दुसरी घटका वडिलांच्या अंघोळीची. तिच्यात प्रार्थना कशी करावी हे मी तुला वेगळे सांगणार नाही. ते पाणी, तो टॉवेल आणि प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो योहानाचा तेरावा अध्याय तुला पुरेल.

पैशांचा हिशेब वहीत लिहून ठेव, रोज, दोन ओळींत. याला मी आध्यात्मिक शिस्त म्हणतो म्हणून हसू नकोस. कर्जात बुडालेल्या तरुणांना मी जवळून पाहिले आहे. पहिले खोटे ते बँकेशी बोलत नाहीत, स्वतःशी बोलतात. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी, गावातला मटका, मोबाइलवरचे झटपट कर्ज देणारे अॅप, ही सगळी माणसाच्या त्याच अंधाऱ्या कोपऱ्यावर टपलेली असतात जेथे त्याने आकडे बघायचे सोडलेले असते. तुझे कामावरचे मित्र पगाराच्या दिवशी बाटली आणतात असे तू लिहिलेस. त्यांना उपदेश करू नकोस, त्यांच्याबरोबर जेव, आणि जेवण झाल्यावर ऊठ.

उपवासाविषयी तू विचारले आहेस. लेंटच्या चाळीस दिवसांत आठवड्यातून एका जेवणाचा उपवास तुला झेपेल. रात्रपाळीच्या दिवशी मात्र करू नकोस, यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला घेरी येऊन चालत नाही. वाचलेले पैसे कोणाला द्यायचे ते आधी ठरव, नाहीतर उपवास हे केवळ पोटाचे कौतुक होते. आणि झोपेचा बळी देऊन प्रार्थना करण्याच्या फंदात पडू नकोस. एलीया संदेष्टा राणी ईजबेलीच्या धाकाने पळून झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिले, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचे भांडे दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. होरेबावरील मंद वाणी त्यानंतरची. थकव्याला अविश्वास समजून तू स्वतःला दोष देत असावास अशी मला शंका आहे. सुटीच्या दिवशी पोटभर झोपल्यानंतरही मनाचा अंधार आठवडेच्या आठवडे हटला नाही, तर मला कळव. आपण बांबोळीच्या रुग्णालयात डॉक्टरांकडे जाऊ, त्यात विश्वासाला कमीपणा नाही.

शिस्तीचा एक धोकाही सांगून ठेवतो, कारण तू मनस्वी आहेस. नेम पाळता पाळता माणसाला नेमाचा अभिमान चढतो आणि न पाळणारे त्याला हलके वाटू लागतात. प्रभूच्या दाखल्यातला, मंदिरात प्रार्थनेला आलेला तो परूशी आठवड्यातून दोनदा उपवास करत होता आणि दशांश देत होता. त्याच्या दिनक्रमात काही खोट नव्हती. तुला वाचवते ती कृपा, नेम नव्हे. नेमाने फक्त ती कृपा घेण्यासाठी तू ठरल्या जागी हजर राहतोस. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी गुपचूप सुरुवात कर, दुप्पट करून भरपाई करू नकोस. मान्न्याचा नियम येथेही लागू आहे.

आता तुझ्या ठेकेदाराचे प्रकरण. जादा तासांचे पैसे तो देत नाही आणि भविष्य निर्वाह निधीच्या नावाने पगारातून कापतो, पण भरतो की नाही कळत नाही, असे लिहून तू पुढे म्हणतोस, "हीही देवाची शिस्त समजून मी सहन करत आहे." येथे मी तुला थांबवतो. याकोबाचे पत्र परीक्षांना आनंद माना असे सांगून सुरू होते, हे खरे. पण तेच पत्र पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे श्रीमंतांना बजावते. एकाच लेखकाने एकाच पत्रात दोन्ही लिहिले. ज्या दुःखावर उपाय नाही ते धीराने सोसावे. ज्या अन्यायाला दार आहे ते दार ठोठवावे. फिलिप्पैत फटके खाऊन तुरुंगात स्तोत्रे गाणाऱ्या पौलाने दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप निघून जायला नकार दिला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे सांगितले. पुढे कैसराकडे दाद मागितली. रात्रीच्या स्तोत्रांनी सकाळच्या मागणीला बाध आला नाही. देव दुसऱ्याच्या पापातूनही तुला घडवील, त्याने योसेफाला घडवले. पण योसेफाने भावांना तुम्ही माझे वाईट योजले असे तोंडावर सांगितले, त्यांच्या कृत्याला चांगले म्हटले नाही.

एक गोष्ट मात्र तुला आधीच सांगितलेली बरी. हे सगळे नीट केल्यावरही तुझे वडील बरे होतील किंवा कर्ज लवकर फिटेल असे वचन मी देऊ शकत नाही, आणि कोणी देत असेल तर त्याच्या सभेला जाऊ नकोस. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली, आणि काटा राहिला. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढे उत्तर मिळाले. इब्री पत्र तर त्याहून पुढे जाऊन सांगते की पुत्र असूनही प्रभूने जे दुःख सोसले त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला. पुत्रालाही शिकावे लागले, या वाक्यापाशी मी दरवेळी अडखळतो आणि मला ते समजले आहे असे म्हणायला धजत नाही. पण रात्री यंत्राच्या आवाजात तू एकटा उभा असतोस तेव्हा ज्याला तू हाक मारतोस त्याने ही शाळा आतून पाहिलेली आहे, एवढे त्यावरून नक्की कळते.

तुझे वडील बोलत नाहीत, दिवसभर बंद पडलेल्या ट्रककडे पाहत बसतात, असे तू लिहिलेस. ते रागावले आहेत असा अर्थ तू लावला आहेस. मला वाटते त्यांना लाज वाटत असावी. बेळगावहून रिकाम्या हाताने येऊन स्वतःच्या मालकीचा ट्रक घेतलेला माणूस आज मुलाच्या हाताने जेवतो. योसेफाने विचारला तसा प्रश्न त्यांना एकदा विचार, उत्तराची घाई न करता.

येत्या रविवारी उपासना झाल्यावर थांब. येताना मागील सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आण, आणि तुझा यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा क्रमांक, लिहून आण, म्हणजे निधीचे पासबुक उघडून रक्कम भरली गेली आहे की नाही हे आपल्याला तेथेच पाहता येईल. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ कारखानदारावरही तिची जबाबदारी येते. म्हणून पहिला अर्ज कारखान्याच्या कार्यालयाला करू आणि दाद लागली नाही तर कामगार आयुक्तांकडे जाऊ. मंडळीत एक निवृत्त लेखनिक आहेत, अर्जाचा मसुदा ते करून देतील. ट्रकच्या कर्जाची शेवटची नोटीस असेल तर तीही आण. एकरकमी तडजोडीविषयी बँकेत कोणाला भेटायचे ते पाहू. आईला माझा सलाम सांग, आणि रविवारी जेवायला फोंड्यालाच राहा, कदंबची परतीची बस दुपारनंतर आहेच.

प्रभूमध्ये तुझा,
काका